वजा झालेला प्रकाश

आमच्या घरात तीन वर्षे एक वाद धुमसत होता आणि त्या वादाचा विषय होता पांढरा रंग. शाळेतून निवृत्त झाल्यावरही मी पांढरा सदरा घालण्याची सवय सोडली नव्हती. पण ते सदरे पूर्वीसारखे पांढरे राहिनात. जुन्या वर्तमानपत्रावर चढते तशी एक पिवळट छटा त्यांच्यावर मला दिसू लागली. मी आधी साबणाला दोष दिला, मग बोअरच्या पाण्याला, आणि शेवटी, नवरेपणाला शोभेल अशा रीतीने, पत्नीला. “अहो, नीळ घालतेच की,” एवढेच ती म्हणे आणि पुढच्या धुण्याला नीळ थोडी अधिक घाली. त्यामुळे काही महिने माझे समाधान होई. मग पुन्हा तीच पिवळट छटा, पुन्हा तीच तक्रार, आणि बादलीत पुन्हा नीळेचे चार थेंब जास्त.

पुढे डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले आणि एका जानेवारीत तळेगावला माझ्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर घरी येऊन मी कपाट उघडले. आत आठ सदरे टांगलेले होते आणि आठही निळे होते. आषाढातल्या एखाद्या उघडिपीत पवनेच्या खोऱ्यावर आकाश दिसते, तसे फिकट पण निःसंशय निळे. हे सदरे घालून मी तीन वर्षे लग्नांना, सभांना, एका निरोप समारंभाला गेलो होतो आणि आपण शुभ्र वेषात आहोत अशा समजुतीत मिरवलो होतो. “तू मला सांगितलं का नाहीस?” मी पत्नीला विचारले. “सांगितलं होतं एकदा,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, तुझे डोळे तपासून घे.”

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मार्चमध्ये व्हायची होती. मधल्या काळात माझ्यापाशी दोन प्रकारचे डोळे होते. डावा मिटला की भिंत निळसर पांढरी दिसे. उजवा मिटला की तीच भिंत तुपकट होई. वयोमानाने डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळे, तपकिरी होत जाते आणि जांभळ्या-निळ्या प्रकाशाचा बराच भाग ते स्वतःच गिळते, असे डॉक्टरांनी सांगितले. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याच्या उजव्या डोळ्यावर १९२३ मध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यालाही दोन डोळ्यांनी दोन वेगळी जगे दिसत. त्याच्या हाती कुंचला होता. माझ्या हाती केवळ धुण्याची तक्रार होती. पण मला त्या दिवसांत एकाच प्रश्नाने ग्रासले होते: जे भिंग तीन वर्षे माझ्या आणि जगाच्या मध्ये उभे होते, ते मला एकदाही कसे दिसले नाही?

अशा दोन डोळ्यांच्या अवस्थेत मी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, नातवाला घेऊन पुण्यास गेलो. घोरावाडी स्थानकावरून लोकल धरायची, शिवाजीनगरला उतरायचे आणि तेथून विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ गाठायची, असा बेत होता. आयुका म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांचे आंतरविद्यापीठीय केंद्र. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये ते उभे केले. विज्ञान दिनी ते सर्वांना खुले असते आणि मुलांची तेथे झुंबड उडते. नातू दुर्बिणींच्या रांगेत रमला आणि मी एका भिंतीपाशी अडकलो. तेथे एका क्वेसारचा आलेख लावलेला होता.

आलेख वरवर पाहता कुरूप होता. उजव्या, म्हणजे तांबड्या बाजूला रेषा बरीचशी सपाट होती. मध्ये एक उंच सुळका होता. आणि त्याच्या डावीकडे, निळ्या-जांभळ्या बाजूला, रेषेच्या जणू चिंध्या झाल्या होत्या. शेकडो खाचा, काही केसासारख्या बारीक, काही रुंद, एखाददुसरी तर तळापर्यंत खोल गेलेली. मी सवयीने एक डोळा मिटला आणि मग दुसरा. आलेखात अर्थातच काही बदलले नाही, परंतु डोळ्यांची ही उघडझाप पाहून शेजारी उभी असलेली एक संशोधक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. मी तिला भिंगाची हकीकत सांगितली. ती हसली आणि म्हणाली, “सर, मग तुम्हाला हा आलेख समजायला वेळ लागणार नाही.” तिचा तो विश्वास अवाजवी होता. मला बराच वेळ लागला. त्या दिवशी जे ऐकले आणि पुढच्या महिन्यांत वाचून जे जुळवले, ते येथे माझ्या भाषेत मांडतो.

क्वेसार म्हणजे एखाद्या दूरस्थ दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र. तेथील प्रचंड कृष्णविवरात पडण्यापूर्वी भोवती गरगरणारा वायू तापतो आणि त्याचा प्रकाश अब्जावधी प्रकाशवर्षे दुरून आपल्यापर्यंत येतो. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्याच ओळखीच्या रेषा आहेत, मात्र त्या सुमारे १६ टक्क्यांनी तांबड्या बाजूकडे सरकल्या आहेत, हे ओळखले आणि या वस्तूंचे अंतर किती अफाट आहे हे लक्षात आले. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. विश्व प्रसरण पावते, त्याबरोबर वाटेतल्या प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जाते. भिंतीवरचा सुळका क्वेसारच्या स्वतःच्या हायड्रोजनचा होता. खाचा मात्र क्वेसारच्या नव्हत्या. क्वेसार आणि आपण यांच्या मध्ये जे आहे, त्याच्या त्या खुणा होत्या.

मी लगेच सोमाटण्याचे धुके पुढे केले. हिवाळ्यात पहाटे आमच्या गच्चीवरून जुना मुंबई-पुणे महामार्ग दिसतो. खरे तर महामार्ग दिसत नाही, ट्रकांचे दिवे दिसतात, आणि दिवे किती मंदावले आहेत यावरून धुके किती दाट आहे याचा अंदाज येतो. तसेच हे ना? मुलीने मान हलवली, पण नकारार्थी. धुके सगळेच रंग थोड्याफार सारख्याच प्रमाणात मंद करते. हायड्रोजनचा अणू तसा सरसकट वागत नाही. थंड, शांत स्थितीतला हायड्रोजनचा अणू १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश मोठ्या आवडीने घेतो आणि त्याच्या अगदी शेजारच्या प्रकाशाकडे ढुंकूनही पाहत नाही. १९०६ मध्ये थिओडोर लायमन यांनी प्रयोगशाळेत ही रेषा शोधली. तिला लायमन-अल्फा म्हणतात. धुक्याच्या उपमेत आणखी एक उणीव होती. धुक्यातून आलेल्या दिव्याकडे पाहून, धुक्याचा पट्टा शिरगावपाशी आहे की तळेगावपाशी, हे सांगता येत नाही. या आलेखात मात्र प्रत्येक खाच तिच्या ढगाचे ठिकाण सांगते.

ते कसे, हे मला शिक्षकी डोक्याने असे समजले. कल्पना करा, की निरनिराळ्या वयांच्या मुलांचा एक मोठा जथा दहा वर्षांच्या पायी प्रवासाला निघाला आहे. वाटेत गावे आहेत आणि काही गावांत शाळा आहेत. शाळेचा नियम एकच: ज्या दिवशी जथा गावात येईल त्या दिवशी ज्यांना नेमके सहावे वर्ष लागले असेल, तेवढीच मुले ठेवून घ्यायची, बाकीच्यांनी पुढे चालावे. निघताना जे तीन वर्षांचे होते ते तीन वर्षांनी सहाचे झाले आणि तेव्हा वाटेत जे गाव होते तेथे राहिले. निघताना जे पाच वर्षांचे होते ते वर्षभरातच कमी झाले. जथा मुक्कामी पोचल्यावर आपण फक्त वयांची मोजदाद करायची. तेरा वर्षांची मुले कमी भरली, तर सात वर्षांपूर्वीच्या मुक्कामावर शाळा होती. पंधरा वर्षांची कमी भरली, तर शाळा नऊ वर्षांपूर्वीच्या मुक्कामावर. आणि निघतानाच ज्यांची सहा वर्षे उलटली होती, म्हणजे आज जी सोळाच्या पुढची आहेत, त्यांना कोणत्याही शाळेने अडवले नाही. ती सगळी सुखरूप आली. वयाच्या जागी तरंगलांबी ठेवा. प्रकाश चालता चालता ताणला जातो, आणि ज्या क्षणी त्याचा एखादा अंश १२१.६ नॅनोमीटरवर येतो, त्या क्षणी तेथे हायड्रोजन असेल तर तो अंश वजा होतो. म्हणूनच खाचा सुळक्याच्या निळ्या बाजूलाच असतात, तांबड्या बाजूला नाहीत. १९७१ मध्ये रॉजर लिंड्स यांनी ४सी ०५.३४ या क्वेसारच्या वर्णपटातील अशा दाट रेषांचा हा अर्थ लावला आणि पुढे खाचांच्या या गर्दीला ‘लायमन-अल्फा वन’ असे नाव पडले. नाव चांगले आहे. दुरून पाहिले तर दाट, आणि आत शिरले तर एकेक झाड निराळे.

माझी उपमा तिला आवडली, असे मला वाटले. पण पुढचा प्रश्न तिने विचारला आणि त्याने मी थबकलो. किती मुले कमी झाली हे मोजायचे, तर निघताना किती होती हे माहीत हवे. ते कुणी सांगायचे?

माझ्या बाबतीत ते उजव्या डोळ्याने सांगितले. डाव्या डोळ्याने निळा रंग किती गिळला हे कळायला न गिळणारा दुसरा डोळा होता. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही डोळे सारखेच पिवळे होते, म्हणून तर मी पत्नीच्या धुण्यावर खापर फोडत राहिलो. क्वेसारकडे पाहणाऱ्यांना हा दुसरा डोळा नाही. मध्ये काहीच नसते तर तो क्वेसार कसा दिसला असता, हे पाहून येण्याची सोय कुणालाच नाही. मग ते काय करतात? खाचांच्या मध्ये जेथे जेथे प्रकाश जवळजवळ अखंड आला आहे असे वाटते, अशा जागा शोधतात; तांबड्या बाजूची निर्वेध रेषा कोणत्या चालीने चालली आहे ते पाहतात; आणि खाचांच्या माथ्यावरून एक कल्पित रेषा ओढतात. ही मूळ प्रकाशाची रेषा. तिच्यापासून प्रत्येक खाच किती खोल आहे, यावर पुढचे सगळे गणित उभे राहते. रेषा किंचित वर ओढली तर हायड्रोजन अधिक निघतो, किंचित खाली ओढली तर कमी. जितका क्वेसार दूर, तितके वन दाट आणि मोकळ्या जागा कमी. म्हणजे जेथे सर्वांत जास्त कुतूहल, तेथेच रेषा ओढणे सर्वांत अवघड. अवकाशविज्ञान म्हणजे यंत्रांनी आपोआप दिलेली उत्तरे, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात त्यातली एक कळीची रेषा माणसाला विवेकाने, भीत भीत ओढावी लागते, हे ऐकून मला त्या शास्त्राविषयी प्रथमच आपुलकी वाटली.

आणखी एक शंका मी घेतलीच. ही खाच हायड्रोजनचीच कशावरून? जवळच्या एखाद्या दुसऱ्याच मूलद्रव्याची नसेल कशावरून? याचे उत्तर संगीताच्या अंगाने जाते. काळी एकमध्ये गायिलेला अभंग पांढरी पाचमध्ये गायिला, तरी चाल तीच राहते, कारण स्वरांमधील प्रमाणे बदलत नाहीत. ताम्रसृतीही सर्व तरंगलांबींना एकाच पटीने ताणते. त्यामुळे हायड्रोजनच्या लायमन-अल्फाबरोबर त्याची दुसरी रेषा लायमन-बीटा त्याच प्रमाणात सापडावी लागते, आणि ढगात कार्बन, सिलिकॉन, मॅग्नेशियम असतील तर त्यांच्या जोडरेषाही आपापल्या प्रमाणात. एकटी खाच खोटे बोलू शकते. एकाच पट्टीत लागलेल्या दहा खाचा खोटे बोलणे कठीण.

या वनाच्या शोधाआधीच, १९६५ मध्ये, जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी एक सरळ हिशेब मांडला होता. ३सी ९ या क्वेसारची ताम्रसृती २.०१ होती. वाटेतला सगळा हायड्रोजन साध्या अणूंच्या रूपात असता, तर सुळक्याच्या निळ्या बाजूचा प्रकाश जवळजवळ पुरताच नाहीसा व्हायला हवा होता. माझ्या जथ्यातील सोळा वर्षांखालील एकही मूल मुक्कामी पोचले नसते. प्रत्यक्षात प्रकाश आला होता. म्हणजे हायड्रोजन तेथे नाही, किंवा आहे पण घेण्याच्या स्थितीत नाही. दुसरे उत्तर बरोबर ठरले. ताऱ्यांच्या आणि क्वेसारांच्या अतिनील प्रकाशाने दीर्घिकांमधील बहुतेक सर्व हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन काढून घेतले आहेत आणि इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन लायमन-अल्फा घेऊच शकत नाही. शाळेची इमारत आहे, पण मास्तर नाहीत. लाखात एखादा अणू इलेक्ट्रॉन राखून असतो आणि हे सारे वन त्या लाखातल्या एकाने उभे केलेले आहे. ताम्रसृती सहाच्या पलीकडे गेली, की मात्र निळी बाजू खरोखरच कोरी होते. २००१ मध्ये असा क्वेसार प्रथम हाती आला. विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत कधीतरी हे मास्तर शाळा सोडून गेले, असे त्यावरून दिसते.

हा वायू किती विरळ असावा? आजच्या विश्वातील साधे द्रव्य सर्वत्र सारखे पसरले, तर माझ्या दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत हायड्रोजनचे पाच-सहा अणू येतील. खोलीतल्या हवेच्या एका घनसेंटीमीटरमध्ये दोनाच्या पुढे एकोणीस शून्ये मांडावीत एवढे रेणू आहेत. तरीही पूर्वीच्या त्या काळात साध्या द्रव्याचा फार मोठा हिस्सा ताऱ्यांत नव्हता, दीर्घिकांतही नव्हता; तो या विरळ, न दिसणाऱ्या, दीर्घिकांच्या मधल्या वायूत होता. आपण ज्यांना पाहून थक्क होतो ते तारे म्हणजे शिल्लक रकमेवरची किरकोळ व्याजाची नोंद. मुद्दल अंधारात होते, आणि मागून क्वेसारचा दिवा लावल्यावाचून ते कुणाला दिसलेच नसते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. आयुकातील आर. श्रीआनंद यांनी पॅट्रिक पेतीजाँ आणि सेद्रिक लेदू या सहकाऱ्यांसह डिसेंबर २००० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. चिलीतील पारानाल येथील ८.२ मीटर आरशाच्या दुर्बिणीने त्यांनी पीकेएस १२३२+०८१५ या क्वेसारचा वर्णपट घेतला होता. क्वेसारची ताम्रसृती २.५७, त्याच्या अलीकडे २.३४ या ताम्रसृतीवर एक दाट ढग. प्रकाश त्या ढगातून गेला त्याला सुमारे अकरा अब्ज वर्षे झाली. पृथ्वी तेव्हा नव्हती, सूर्यही नव्हता. त्या ढगात हायड्रोजनबरोबर कार्बनचेही अणू होते. कार्बनच्या अणूला सर्वांत खालच्या स्थितीच्या अगदी निकट आणखी एक-दोन पायऱ्या असतात. आसपास किती उष्णता आहे त्यानुसार काही अणू वरच्या पायरीवर चढतात, आणि दोन्ही पायऱ्यांवरच्या अणूंच्या खाचा वर्णपटात वेगवेगळ्या जागी पडतात. दोन खाचांच्या खोलीची तुलना केली, की ढगाच्या जागी, त्या काळी, विश्वाचे तापमान किती होते ते कळते. अकरा अब्ज वर्षांपूर्वी कुणीतरी विसरून गेलेला तापमापक वाचावा, तसे हे होते.

आज सर्व दिशांनी येणाऱ्या विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान २.७ केल्विन आहे, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर. विश्व एका उष्ण अवस्थेतून प्रसरण पावत थंड झाले असेल, तर २.३४ या ताम्रसृतीवर ते ९.१ केल्विन असायला हवे. श्रीआनंद आणि सहकाऱ्यांना ते ६ आणि १४ केल्विन यांच्या मध्ये सापडले. पल्ला मोठा आहे, हे खरे. परंतु त्यापूर्वीच्या मोजमापांतून बहुधा ‘याहून जास्त नाही’ एवढेच म्हणता येत असे, कारण कार्बनच्या अणूंना पायरी चढवायला परस्परांच्या टकरा आणि ताऱ्यांचा प्रकाशही पुरेसा असतो. या ढगात हायड्रोजनचे रेणूही सापडले होते; त्यांच्यावरून टकरांचा आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचा वाटा वेगळा काढता आला आणि ‘याहून कमीही नाही’ असे म्हणता आले. २००८ मध्ये श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका क्वेसारच्या वाटेवरील ढगात कार्बन मोनॉक्साइड शोधून काढला आणि २.४२ या ताम्रसृतीवर ९.१५ केल्विन हे तापमान मोजले, चूकभूल ०.७२ केल्विन, अपेक्षा ९.३ ची.

मराठीच्या विद्यार्थ्यांना नारळीकरांची ओळख करून देण्याची गरज नाही. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या विज्ञानकथा आपण शाळेपासून वाचल्या. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा घरातले कुणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले. त्यांच्या विज्ञानातील भूमिकेकडे मात्र आपण साहित्यवाले कमी लक्ष देतो. महास्फोटाच्या सिद्धांताविषयी त्यांना आयुष्यभर शंका होती. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये एक पर्यायी विश्वप्रतिमान मांडले. क्वेसारांची ताम्रसृती सर्वस्वी विश्वप्रसरणामुळेच असते काय, हा प्रश्नही त्यांनी खुला ठेवला होता. आणि श्रीआनंद यांचा २००० सालचा निबंध आला तेव्हा आयुकाचे संचालक नारळीकरच होते. ज्या चित्राविषयी संस्थापकाला शंका होती, त्या चित्राच्या अपेक्षेशी जुळणारे मोजमाप त्यांच्याच संस्थेतून, त्यांच्याच कारकिर्दीत जगापुढे गेले. एका मोजमापाने असा वाद मिटत नाही, आणि तो मिटला असे मी म्हणत नाही. पण मी तीन वर्षे माझ्या घरात, एवढ्याशा पांढऱ्या रंगावरून, विरोधी साक्षीदाराला डोळे तपासून घ्यायला सांगत होतो. मतभेद असणाऱ्याला दुर्बीण आणि टेबल देणारे घर बांधायला किती मोठे मन लागत असेल, याचा अंदाज मला त्या निळ्या सदऱ्यांमुळे आला; एरवी आला नसता.

मार्चमध्ये डाव्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. आता दोन्ही डोळे सारखे आहेत आणि तुलनेची सोय कायमची गेली आहे. तुपकट भिंत कशी दिसत होती, हे मला आता आठवूनही नीट दिसत नाही. पत्नीने नीळ घालणे थांबवले, तरी सदऱ्यांतली निळाई जायला पावसाळा उजाडला.

पीकेएस १२३२+०८१५ कन्या राशीत आहे. आकाशाचा तो तुकडा वैशाखात रात्री अकराच्या सुमारास सोमाटण्यावरून डोक्याच्या किंचित दक्षिणेला येतो. उत्तरा फाल्गुनीची तारका शोधायची आणि हात लांब करून तेथून एका मुठीहून थोडे अधिक आग्नेयेकडे जायचे. त्या वर्षी एका रात्री मी गच्चीवर तसे केले. टोलनाक्याच्या आणि महामार्गाच्या दिव्यांनी खालचे आकाश धुऊन निघाले होते. उत्तरा फाल्गुनी मात्र सापडली. पत्नी वाळत घातलेले कपडे काढायला वर आली होती. “अहो, काय बघताय?” मी मूठ धरून जागा दाखवली. तिने हातातले कपडे कठड्यावर ठेवले, माझ्या हाताच्या रेषेत मान वर केली आणि बराच वेळ पाहिले. “तिथं तर काहीच नाही,” ती म्हणाली. या वेळी मी वाद घातला नाही; तिला जथ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती शाळांपर्यंत आली तोवर पश्चिमेकडून ढगांचा पातळ थर सरकत आला आणि उत्तरा फाल्गुनीही दिसेनाशी झाली. उरलेली गोष्ट मी जिन्यातून खाली उतरता उतरता सांगितली.